दिवाळी आधी की गाळप आधी?

मागच्या भागाचं हे लेखी रूप. रेकॉर्डिंगमध्ये मागे फटाके वाजत होते, मध्येच आमच्या वस्तीवरच्या कुत्र्यानं दोन मिनिटं खाल्ली, त्यामुळे बऱ्याच जणांनी मेसेज केले की लिहूनच टाक. तर लिहितोय. बोलताना काही साल-तारखा चुकलो होतो, त्या इथे नीट केल्यात.

आमचं घर राहात्यापासून जवळच, वस्तीवर. शिर्डीला गेलेले असाल तर राहात्यातून गेलाच असाल, नगर-मनमाड रस्त्यावर शिर्डीच्या अलीकडे पाच-सहा किलोमीटर. पेरूच्या ढिगांमागे बसलेल्या मावश्या दिसतात ना, तेच गाव. दिवाळीत आमच्या घरात एकोणीस माणसं असतात आणि त्यातली सात दहा वर्षांच्या आतली. बाथरूम एक. पहाटेच्या पहिल्या अंघोळीचा नंबर हा आमच्याकडे खरा प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा विषय आहे, आणि मी पुण्यात जे काही शिकलो त्याचा तिथे शून्य उपयोग होतो. उटणं लावलेली चार पोरं एकाच वेळी ओट्यावर कुडकुडत उभी, आणि पाचवं गायब. ते गोठ्यात सापडतं.

२०२३ च्या दिवाळीत, चुलतभावाच्या आठ वर्षांच्या पोरानं मला विचारलं, "काका, दिवाळीला सगळे इथेच का येतात?" त्याचा प्रश्न साधा होता, त्याला वाकडला स्वतःच्या सोसायटीत किल्ला करायचा होता. मी म्हटलं, आपलं गाव आहे म्हणून. तो म्हणाला, पण का? आता इंजिनियर माणसाला दुसऱ्यांदा "पण का" विचारलं की तो गूगल करायला बसतो. मी बसलो. पण उत्तर गूगलवर मिळालं नाही. निम्मं कॅनॉलच्या इतिहासात मिळालं आणि निम्मं आमच्या आजीकडे. आजीला आम्ही सगळे "बाई" म्हणतो.

आधी कॅनॉलचं सांगतो.

आज आमच्या भागात बघाल तर ऊस, पेरू, हिरवंगार. सव्वाशे वर्षांपूर्वी इथे बाजरी-ज्वारी आणि पावसाची वाट, एवढंच होतं. सह्याद्रीच्या पलीकडे पाऊस सांडतो आणि आमच्याकडे येईपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. १८९९-१९०० चा जो मोठा दुष्काळ, ज्याला जुनी माणसं छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात (विक्रम संवत १९५६, म्हणून छप्पन्न), त्यानंतर इंग्रज सरकारनं सिंचन आयोग नेमला आणि दुष्काळी टापूत पाणी नेण्याच्या कामांना वेग आला. दारणा धरण १९१६ ला पूर्ण झालं, नांदूर मधमेश्वरला गोदावरीवर बंधारा होऊन तिथून डावा-उजवा असे दोन कालवे निघाले. आमच्या बाजूला पाणी आलं ते उजव्या कालव्याचं. तिकडे प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला झालं.

म्हणजे कालव्याआधीची इथली दिवाळी कशी असेल? त्याची एक गोष्ट तुम्हाला सगळ्यांना माहितीये, फक्त आपण ती त्या नजरेनं ऐकत नाही. साईबाबांनी पाण्यावर पणत्या लावल्या, ती. हेमाडपंतांच्या साईसच्चरितात आहे. बाबा रोज शिर्डीतल्या दुकानदारांकडून तेल मागून आणायचे आणि मशिदीत दिवे लावायचे. एक दिवस वाण्यांनी ठरवून तेल दिलं नाही. पुढचं चमत्काराचं ज्याचं त्यानं मानावं, माझा विषय तो नाही. मला त्यात दिसतं ते हे की पणतीभर तेल ही मागून आणायची गोष्ट होती. आणि देणारा "नाही" म्हणू शकत होता. कोरडवाहू गावात तेल, गूळ, कापड सगळं दुकानदाराच्या वहीतून यायचं. बाबा स्वतः शिर्डी सोडून फार कुठे जात नसत, पण राहात्याला यायचे, इथल्या चंद्रभान शेटजींच्या घरी, पुढे त्यांच्या पुतण्याकडे, खुशालचंद शेटजींकडे. आमच्या गावाला हा मान आहे आणि आम्ही तो पाहुण्यांना पहिल्या दहा मिनिटांत सांगतो.

बाबांनी देह ठेवला तो १५ ऑक्टोबर १९१८, दसऱ्याचा दिवस. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत दिवाळी. आता ते वर्ष लक्षात घ्या. पाऊस फसलेला आणि इन्फ्लुएंझाची जीवघेणी लाट सप्टेंबर-ऑक्टोबरात मुंबई इलाख्यात पसरलेली. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं त्या साथीत गेली असा अंदाज आहे. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या आधीच्या जनगणनेपेक्षा कमी भरली. लॉकडाऊनमधली २०२० ची दिवाळी आठवते ना, मास्क लावून व्हिडिओ कॉलवर ओवाळलेली? त्याच्या कितीतरी पट वाईट.

मग कॅनॉलला पाणी आलं आणि ऊस आला. पण उसाबरोबर लगेच साखर नाही आली, आधी गूळ आला. गुऱ्हाळं होती. सासवडकडचे माळी शेतकरी, ज्यांना नीरेच्या कालव्यावर ऊस पिकवायची विद्या येत होती, ते इकडे कोपरगावच्या पट्ट्यात येऊन खंडानं जमिनी घेऊन ऊस लावायला लागले. (तेव्हा राहाता कोपरगाव तालुक्यातच होतं. आमचा स्वतंत्र तालुका झाला १९९९ ला, माझ्या जन्मानंतर. माझा तालुका माझ्यापेक्षा लहान आहे.) पुढे मंदीत गुळाचे भाव कोसळले. १९३२ ला सरकारनं परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवणारा कायदा केला आणि देशभर कारखाने उगवले. आमच्या आसपास टिळकनगर, साकरवाडी ही नावं त्याच काळातली. मालक खाजगी होते.

आणि मग लोणी. विठ्ठलराव विखे पाटील, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नातून शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ ला त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. हे शाळेत पाठ केलेलं असतं आपण, त्यामुळे कंटाळा येतो. पण दिवाळीच्या अंगानं बघा ना. कारखाना आल्यावर दिवाळीला पैसा कुठून येतो, हेच बदललं.

आमच्या घरातलंच सांगतो. एक म्हणजे उसाचा शेवटचा हप्ता, जो बऱ्याचदा दिवाळीच्या तोंडावर सुटतो. दुसरं, सभासदांना सवलतीच्या दरातली साखर. कार्ड घेऊन जायचं आणि पोतं घेऊन यायचं. तिसरं, धाकटे चुलते कारखान्यात नोकरीला, त्यांचा बोनस. कायद्यानं किमान ८.३३ टक्के बोनस द्यावाच लागतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण बाराने भागून बघा, वर्षाच्या पगाराचा बरोबर बारावा भाग, म्हणजे एक जादा महिना. वर्ष बारा महिन्यांचं, पगार तेरा. तो तेरावा महिना म्हणजे दिवाळी. नवे कपडे, आत्यांच्या साड्या, सात पोरांचे फटाके, सगळं तिथून.

साखर इथे पिकत असली तरी ती सहज मिळायची असं मात्र नव्हतं. महायुद्धाच्या काळात रेशनिंग आलं आणि नंतर या ना त्या रूपात ते बराच काळ राहिलं. १९६७ पासून दुहेरी भावाचं धोरण होतं, म्हणजे कारखान्याच्या साखरेचा काही हिस्सा सरकार लेव्ही म्हणून कमी भावात घेणार आणि रेशनवर वाटणार, उरलेली खुल्या बाजारात. सणाला रेशनवर जादा साखर सुटायची, आणि कधी सुटणार ही बातमी असायची. बाई सांगते की करंजीचं सारण गुळाचं असायचं आणि शंकरपाळ्यांना साखर आली की "यंदा जोरात दिवाळी" म्हणायचे. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर २०२२ ला राज्य सरकारनं दिवाळीला शंभर रुपयांत आनंदाचा शिधा दिला, त्यात रवा, चणाडाळ, पामतेल आणि साखर, एकेक किलो नाहीतर लिटर. चार वस्तू बघा, अख्ख्या फराळाचा कच्चा माल आहे.

इथपर्यंतचं मी त्या पोराला सांगितलं असतं तर उत्तर पूर्ण झालं असतं. पाणी आलं, ऊस आला, कारखाना आला, जमीन टिकली, म्हणून घर टिकलं, म्हणून आपण इथे येतो. लिंक नीट लागतात. मी खूशही झालो होतो.

पण २०२३ ला आमच्या शेतात त्याच आठवड्यात ऊसतोडणीची टोळी उतरली होती.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगतो, मला ती शोधताना फार आवडली. दिवाळी चांद्र कॅलेंडरवर चालते, त्यामुळे मागे-पुढे होते. अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना येतो आणि ती पुढे ढकलली जाते. साखर कारखान्यांचा हंगाम मात्र सरकारची मंत्री समिती ठरवते, इंग्रजी तारखेनं. ही दोन कॅलेंडरं एकमेकांना विचारत नाहीत. मी एका शीटमध्ये समोरासमोर मांडली.

२०२१ ला गाळपाची परवानगी १५ ऑक्टोबरपासून, लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला. २०२२ ला पुन्हा १५ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबर. २०२३ ला अधिक श्रावण आला, त्यामुळे दिवाळी लांबली, १२ नोव्हेंबर. गाळप १ नोव्हेंबरपासून. म्हणजे सलग तीन वर्षं हंगाम आधी, दिवाळी नंतर. २०२४ ला उलटं झालं, लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबर आणि गाळप १५ नोव्हेंबर. तेव्हा २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं आणि ऊसतोड कामगार मतदानाआधीच गाव सोडून जातील ही चर्चा पेपरात होती. मतासाठी तारखेची चर्चा होते, दिवाळीसाठी होताना मी तरी वाचली नाही. २०२५ ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबर, गाळप १ नोव्हेंबर. पुन्हा दिवाळी आधी.

अर्थात प्रत्येक कारखाना त्या तारखेला लगेच पेटतो असं नाही. पाऊस लांबला, रानात वापसा नसला तर उशीर होतो. पण टोळ्या निघतात त्या हंगामाच्या तारखेवर. मला ती शीट बघताना वाटलं, हे आकडे म्हणजे काही लाख लोकांसाठी "यंदा दिवाळी घरी की फडात" याचं उत्तर आहे. शून्य किंवा एक.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी. नवरा-बायको मिळून एक "कोयता". मुकादम पावसाळ्यातच कोयत्याला "उचल" देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. ती हंगामभर तोडलेल्या टनांतून फिटते. नाही फिटली तर पुढच्या वर्षी पुन्हा यायचं. बैलगाडी असेल तर गाडी, नसेल तर ट्रॅक्टरमागे डोक्यावरून मोळ्या वाहायच्या. राहायला कोपी, बांबू, चटया आणि वरून प्लॅस्टिक. माणसं येतात ती बहुतेक बीड जिल्ह्यातून, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर अशा तालुक्यांतून. आणि आमच्याच जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगावमधून. हे मला कायम टोचतं. राहाता आणि पाथर्डी एकाच जिल्ह्यात, अंतर शे-सव्वाशे किलोमीटर, पण आमच्याकडे कालवा आहे आणि पाथर्डीच्या डोंगराळ गावांत नाही.

पूर्वी दसऱ्याला भगवानगडावर मेळावा भरायचा, आणि तो झाला की घरं बंद करून टोळ्या बाहेर पडायच्या. आमच्याकडे दसऱ्यानंतर माणसं गावी यायची तयारी करतात, तिकडे गाव सोडायची.

कारखान्यातला कामगार कारखान्याचा नोकर, म्हणून त्याला बोनस. फडातला कोयता कोणाचा नोकर? तो मुकादमाकडे, मुकादमाचा करार वाहतूकदाराशी नाहीतर कारखान्याशी. म्हणून तो तेरावा महिना त्यांना नाही. टनामागे दर असतो आणि त्याच्या वाढीसाठी दर काही वर्षांनी संप होतो. २०२० ला ऐन ऑक्टोबरात झाला, आणि २०२३ चा हंगाम सुरू झाल्यावर जी मागणी लावून धरली होती ती जानेवारी २०२४ ला ३४ टक्के वाढीवर मिटली.

आता आमच्या शेतातलं. २०२३ ला पाऊस कमी होता, ऊसही कमी, त्यामुळे कारखान्यांची पळवापळवी चालू होती. चिटबॉय स्वतःहून येऊन म्हणाला, तोड घ्या. एरवी आम्ही त्याच्या मागे फिरतो. आमचा अडीच एकर अडसाली, जुलै २०२२ ची लागण. नानांना (थोरले चुलते) घाई होती, कारण रान मोकळं झालं की गहू टाकायचा होता. टोळी आली दहा कोयत्यांची, आणि त्यांनी कोपी घातल्या त्या आमच्या विहिरीच्या पलीकडे, घरापासून हाकेच्या अंतरावर.

इकडे अंगणात किल्ल्याचं काम जोरात. दगड, विटा, पोतं, लाल माती. मुलांनी पुण्याहून मावळे आणलेले. आमच्या वेळी मोहरी किंवा अळीव पेरायचो आणि चार दिवसांत हिरवळ यायची, यांनी शोभेचं प्लॅस्टिकचं गवत आणलं होतं. यावर मी पंधरा मिनिटं भाषण दिलं, कोणी ऐकलं नाही.

तिथे एक मुलगी येऊन उभी राहायला लागली. नऊ-दहा वर्षांची, कडेवर भाऊ. दोन दिवस नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी तिनं सांगितलं की बुरूज ढासळणार, कारण आत पोकळ आहे. ढासळलाच. मग तिनं भाऊ आमच्या छोटीच्या मांडीवर दिला आणि माती मळायला बसली. उसाचं पाचट बारीक तोडून मातीत घातलं. "कोपीच्या ओट्याला असंच करतेत," म्हणाली. तो बुरूज तुळशीच्या लग्नापर्यंत उभा होता.

बाई बाजेवर बसून हे बघत होती. तिनं त्या मुलीच्या आईला हाक मारून विचारलं, "कुठल्या गं तुम्ही?" ती म्हणाली, "पाथर्डीकडच्या, आजी." बाईनं गावाचं नाव विचारलं. मग पुढे दहा मिनिटं कोणत्या वाडीच्या, कोणत्या आळीच्या, डोंगराच्या अलीकडच्या का पलीकडच्या, हे चाललं. कारण बाईचं माहेर पाथर्डी तालुक्यातलं. हे आम्हाला माहिती होतं. पण त्या रात्री शेव पाडताना बाईनं जे सांगितलं ते माझ्या वडिलांनाही माहिती नव्हतं.

१९७२ चा दुष्काळ. दोन वर्षं पाऊस नीट झालेला नव्हता, त्या वर्षी तर काहीच नाही. लोक सुकडी खाऊन दुष्काळी कामावर खडी फोडत होते, तळी खणत होते. ज्यांना ते जमलं नाही ते कालव्याच्या भागात ऊस तोडायला निघाले. त्या दिवाळीला बाईच्या सासरी, म्हणजे आमच्याच घरी, तिचा भाऊ भाऊबीजेला आला नाही. पाहुणे येऊन गेले, नणंदा येऊन गेल्या, बाई दारात बघत राहिली. वाटलं, दुष्काळ आहे, गाडीभाड्याला पैसे नसतील. संक्रांतीच्या पुढे कोणीतरी सांगितलं की तुझा भाऊ तर इथेच आहे, दोन कोसांवर तोडीला. दिवाळीच्या आधीपासून.

"मग तू गेली नाही?" नानांनी विचारलं.

"गेले ना. त्यो म्हणला, कोयता घेऊन बहिणीच्या सासरी कसा येऊ? तुला बोल लागला असता." एवढं बोलून बाईनं सोऱ्यात पीठ भरलं. "भावजय बी होती. पोटुशी. तिला लाडू नेले व्हते, त्ये त्यानं माझ्यासमोर खाल्ले न्हाईत."

आमच्या घरात यावर कोणी काही बोललं नाही. तेल तापलेलं होतं. आत्यानं गॅस बारीक केला.

दुसऱ्या दिवसाचा विषय आमच्याकडे मोठा झाला. चिटबॉयचा फोन आला की पाडव्याला आणि भाऊबीजेलाही गाड्या भरायच्या, कारखान्याला ऊस कमी पडतोय. कोणता कारखाना ते राहू द्या. टोळीनं फक्त लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कोयता बंद ठेवला होता. नानांचं म्हणणं, आपण मध्ये पडायचं नाही, तोड गेली तर ऊस महिनाभर उभा राहील, वजन घटेल, गव्हाचा हंगाम जाईल. हे काही चूक नव्हतं. आमच्या घरातले सगळे पगारदार नाहीत, त्या अडीच एकरावर नानांचं वर्ष चालतं. बाईचं म्हणणं एकच, "बीजेला माझ्या रानात कोयता चालायचा न्हाई." आत्या बाईच्या बाजूनं, वडील नानांच्या. मी पुण्याचा, म्हणजे माझं मत कोणी मागितलं नाही.

शेवटी मुकादमानंच मध्यममार्ग काढला. पाडव्याला उशिरापर्यंत तोडून दोन गाड्या भरल्या, भाऊबीजेला दुपारनंतर कोयता बंद. त्याचं कारण बाई नव्हती, गाडीचा एक टायर फुटला होता. पण बाईला आम्ही तसं सांगितलं नाही.

भाऊबीज १५ नोव्हेंबरला होती. संध्याकाळी आमच्या ओसरीवर ओवाळण्याचा घाऊक कार्यक्रम. चार आत्या, पाच बहिणी, दोन पिढ्यांची पोरं, ताटात पाचशेच्या नोटा, कोणाला किती पडले यावर भांडणं. त्या मुलीला बाईनं बोलावून घेतलं. तिनं कडेवरच्या भावाला ओवाळलं, आमच्या पोरांनाही ओवाळलं, त्यांनी तिला रंगांची पेटी दिली. मग ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तुमच्या मोबाईलला रेंज हाय का?"

तिचा मोठा भाऊ गावी आजीजवळ होता, सातवीला. शाळा बुडू नये म्हणून त्याला मागे ठेवलं होतं. मुलांना मागे ठेवावं म्हणून आता हंगामी वसतिगृहं आहेत, फडाजवळ साखरशाळा हा प्रयोगही १९९० च्या दशकापासून चालत आलाय, पण हिचं नाव गावातल्या शाळेत आणि ती इथे. दोघांतलं एकच पोर म्हातारीला झेपण्यासारखं, तर मुलगा ठेवला. हे तिच्या आईनं काही वाईट न वाटता सांगितलं, हिशोब सांगतात तसं.

व्हिडिओ कॉल लावला. तिकडे फोन शेजारच्याचा होता. दोनदा कट झाला. तिसऱ्यांदा तो दिसला, मागे अंधार, आजीचा नुसता आवाज. तिनं ताट फोनसमोर फिरवलं. कुंकू कुठे लावायचं कळेना, तर स्क्रीनवरच लावलं. तो म्हणाला, "बॅटरी जाईल, ठेव." आणि मग "दादा, इथं किल्ल्याचा बुरूज म्या केला" हे तिनं सांगेपर्यंत रेंज गेली.

स्क्रीनवरचं कुंकू मी रुमालानं पुसलं. कव्हरच्या कडेत थोडं राहिलं, ते पुढे बरेच दिवस होतं.

आमच्या आठ वर्षांच्या साहेबांनी रात्री झोपताना पुन्हा विचारलं, पण यावेळी वेगळं. "काका, तिच्याकडे दिवाळीला सगळे कुठे येतात?" मी म्हटलं, त्यांच्याकडे सगळे एकत्र येतात ते पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखाना बंद झाला की. मार्च-एप्रिलात. त्यानं विचारलं, तेव्हा फटाके मिळतात का. मला माहिती नव्हतं.

टोळी २० तारखेच्या आसपास पुढच्या फडात गेली. नानांचा गहू चार दिवस उशिरा पडला. बाईनं जाताना त्या बाईला एक डबा दिला, लाडूंचा. तिनं तो समोरच उघडला आणि पोरांना वाटला. बाई दारातून आत आली आणि देवघरात जरा वेळ बसून राहिली.

तेव्हापासून ती शीट मी दरवर्षी भरतो. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून दिवाळी पुन्हा लांबली आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. गाळपाचा रकाना अजून रिकामा आहे. बाई फोनवर विचारते, "आलं का रं त्ये?"

तुमच्याकडे दिवाळीत कोण येऊ शकत नाही, ते व्हॉइस नोटनं पाठवा. पुढच्या भागात काही ऐकवेन.